आसाचा हिशेब

सडक जेथे संपते आणि पुढची वाट ओढ्याच्या गोट्यांतून, जांभ्याच्या निसरड्या चढावरून किंवा पहिल्या पावसाने फुगलेल्या काळ्या रानातून जाते, तेथे गाडीची परीक्षा तिच्या इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा ते बळ चाकांच्या तळाशी किती पटीने, किती वेगाने आणि कोणत्या चाकाच्या वाट्याला किती पोहोचते यावर ठरते. या वाटपाचा सारा कारभार गाडीच्या पोटाखाली, दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या मध्यावर असलेल्या ओतीव लोखंडाच्या गोळ्यात चालतो. आणि गाडी हौसेने घेणारे, तिला मोठाले टायर, दिवे आणि विंच लावणारे पुष्कळ लोक नेमक्या त्याच गोळ्याची विचारपूस करावयाचे विसरतात. अलीकडे महाराष्ट्रात आणि गोव्यात अवघड वाटांवर गाडी नेण्याचा छंद चांगलाच रुजला आहे. नाशकात तयार होणारी महिंद्रची थार आणि पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा या त्याच्या मानकरी ठरल्या आहेत, गोव्यात २०१४ साली प्रथम भरलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांनी त्याला प्रतिष्ठा दिली आहे, आणि गाड्यांत फेरफार करून देणारी गॅरेजेही ठिकठिकाणी उभी राहिली आहेत. अशा वेळी आसातील गिअर कोणत्या प्रमाणाचे असावेत, आणि डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांत बळ वाटणाऱ्या रचनेला, लॉक असावे की नसावे, असल्यास ते कोणत्या जातीचे असावे, हा विषय यंत्रशास्त्र न शिकलेल्या वाचकालाही उमगेल अशा रीतीने मांडणे अवश्य वाटते.

इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते, पण त्या प्रत्येक फेऱ्यात बळ बेताचेच असते. चाकाला फेरे थोडे पुरतात, पण बळ पुष्कळ लागते. म्हणून इंजिनाचा वेग तीन टप्प्यांत उतरवला जातो: प्रथम गिअरबॉक्समध्ये, मग चारही चाकांना बळ पुरवणाऱ्या (चौचाकी) गाड्यांना असलेल्या ट्रान्स्फर केसमध्ये, आणि अखेरीस आसातील क्राऊन-पिनियनमध्ये. पिनियन म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाशी असलेले लहान दातेरी चाक, आणि क्राऊन म्हणजे त्याच्याशी काटकोनात गुंतलेले मोठे चक्र. पिनियनला १० आणि क्राऊनला ४१ दात असले, तर पिनियनचे ४.१० फेरे झाल्यावर गाडीचे चाक एकदा फिरते, आणि जितक्या पटीने वेग उतरतो तितक्याच पटीने, घर्षणात जाणारा थोडा अंश सोडला तर, बळ चढते. पहिला गिअर, ट्रान्स्फर केसचा लो गिअर आणि क्राऊन-पिनियन या तिन्ही प्रमाणांचा गुणाकार केला की गाडीचे अतिमंद गतीचे एकूण प्रमाण निघते, आणि अवघड वाटेवरच्या गाडीची कुंडली बव्हंशी त्या एका आकड्यात लिहिलेली असते.

हा आकडा काळाबरोबर कसा वाढत गेला, हे पाहण्याला जीपचाच इतिहास सर्वांत सोयीचा आहे. १९४१ सालापासून अमेरिकेच्या लष्करासाठी तयार झालेल्या विलीस जीपचे इंजिन अवघ्या ६० अश्वशक्तीचे होते. तिचा पहिला गिअर सुमारे २.६७, ट्रान्स्फर केस १.९७ आणि आसातील प्रमाण ४.८८ होते, म्हणजे एकूण प्रमाण सुमारे २६ भरत असे. युद्ध संपल्यावर तीच गाडी शेतकऱ्याच्या हाती द्यावयाची ठरली, तेव्हा तिने सडकेवर धावण्यापेक्षा नांगर ओढावा ही अपेक्षा होती, आणि म्हणून पुढील नागरी जीपमध्ये आसाचे प्रमाण ५.३८ करण्यात आले. १९५३ साली आलेल्या आणि पुढे महिंद्रच्या कारखान्यातून भारतभर पसरलेल्या सीजे-३बी या जीपचे एकूण प्रमाण सुमारे ३७ होते. सरकारी दौऱ्यांवर, धरणांच्या कामांवर आणि जंगलखात्याच्या वाटांवर ज्या जीपगाड्यांनी आपला लौकिक कमावला, त्यांच्या चिवटपणामागे हे साधे गणित होते. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील रुबिकॉन या खडतर वाटेचे नाव घेऊन २००३ साली आलेल्या रँग्लर रुबिकॉनमध्ये ट्रान्स्फर केसचे प्रमाण ४ करण्यात आले, आणि तिच्या पुढच्या पिढीत एकूण प्रमाण ७३.१ वर गेले. इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर नुसते धुगधुगत असताना लष्करी विलीस साधारण माणसाच्या चालीने, ताशी साडेतीन किलोमीटरांहून थोड्या अधिक वेगाने, पुढे सरकत असे; ही रुबिकॉन त्याच फेऱ्यांवर ताशी दीड किलोमीटरही जात नाही. दगडावर चाक चढवताना चालकाला विचार करावयाला जी उसंत लागते, ती ह्या मंदगतीतून मिळते, आणि म्हणूनच अवघड वाटेवर मंदगती ही सामर्थ्याचीच एक बाजू समजली पाहिजे.

आता मूळ कंपनीने इतका विचार करून बसवलेले प्रमाण बदलावे तरी का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर टायरमध्ये आहे. टायर मोठा केला की आस जमिनीपासून उंच होतो, डिफरन्शियलचा गोळा दगडाला घासत नाही आणि खड्डा सहज ओलांडला जातो. पण त्याच वेळी चाकाचा व्यास वाढल्याने प्रत्येक फेऱ्यात गाडी अधिक अंतर जाते, आणि जमिनीवर पडणारा जोर तितक्याच प्रमाणात घटतो. ज्या गाडीत ३१ इंच व्यासाचे टायर आणि ४.१० चे प्रमाण आहे, तिला ३५ इंचांचे टायर चढवले, तर ते ४.१० मूळच्या ३.६३ इतकेच उपयोगी पडते. मालकाला वाटते की गाडी बलवान झाली. वस्तुतः ती चढावर धापा टाकू लागते, क्लच लवकर झिजतो, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर तो गिअर वारंवार बदलत तापत राहतो. वेगदर्शक काटाही फसवू लागतो, कारण तो जेव्हा ताशी ८० दाखवतो तेव्हा गाडी ९० ने धावत असते, आणि ब्रेकांवरचा भारही वाढलेला असतो.

प्रमाण निवडण्याचा हिशेब मात्र शाळकरी मुलालाही जमेल इतका सोपा आहे. जुन्या प्रमाणाला नव्या टायरच्या व्यासाने गुणावे आणि जुन्या व्यासाने भागावे. वरील उदाहरणात ४.१० ला ३५ ने गुणून ३१ ने भागले की ४.६३ येतात, परंतु बाजारात मिळणारे क्राऊन-पिनियन ठराविक प्रमाणांचेच असतात, म्हणून निवड ४.५६ आणि ४.८८ या दोहोंत करावी लागते. आता सरळ गिअरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्स वेग उतरवत नसताना, ताशी ९० किलोमीटरांच्या वेगाला इंजिनाचे फेरे किती होतात ते पाहावे. मूळच्या टायरांवर ते सुमारे २४९० होते; मोठ्या टायरांवर जुनेच प्रमाण ठेवले तर २२००, ४.५६ घेतले तर २४५०, आणि ४.८८ घेतले तर २६२० होतात. जिचा बहुतेक प्रवास मुंबई-पुणे किंवा पुणे-कोल्हापूर अशा महामार्गांवर होतो, त्या गाडीला ४.५६ पुरेसे आहे. जिच्यावर लोखंडी बंपर, विंच, तंबू आणि पाण्याचे पिंप यांचे ओझे कायमचे आहे, आणि जी वर्षातून बरेच दिवस घाटमाथ्याच्या चढांवर असते, तिच्या मालकाने ४.८८ कडे झुकावे. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर जोर देते, म्हणून त्याला थोडे सौम्य प्रमाण चालते. लहान पेट्रोल इंजिनाला मात्र चढे प्रमाण मानवते.

येथे एका मर्यादेची नोंद घ्यावयास हवी. क्राऊनचा व्यास गोळ्याच्या पोकळीने बांधून टाकलेला असतो, म्हणून प्रमाण वाढवावयाचे म्हणजे बहुधा पिनियनलाच बारीक करणे आले. ४.१० मध्ये पिनियनला १० दात असतात, ४.५६ मध्ये ४१ ला ९, ४.८८ मध्ये ३९ ला ८, आणि ५.३८ मध्ये ४३ ला ८. पिनियन जितके लहान, तितके एका वेळी गुंतणारे दात कमी, आणि तितका प्रत्येक दातावरचा ताण अधिक. म्हणून लहान आसाच्या गाडीत फार चढे प्रमाण घालून मोठा टायर फिरवणे म्हणजे मोडतोडीला आमंत्रण होय. शिवाय ज्या गाडीत पुढचा आणि मागचा आस ट्रान्स्फर केसमधून थेट जोडला जातो, तिच्यात दोन्ही आसांचे प्रमाण एकच असले पाहिजे; मागचा गिअर आज बदलू आणि पुढचा सवडीने पाहू, असा विचार करणाऱ्याने तोवर चौचाकी दांडा ओढण्याचे नावही घेऊ नये, कारण दोन आस दोन निरनिराळ्या वेगांनी एकमेकांशी झुंजू लागतात आणि ट्रान्स्फर केस त्या झुंजीत बळी पडते.

प्रमाणाचा विचार झाला, आता वाटणीचा. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते, म्हणून दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली तर त्यांतील एकाला घसटत जावे लागेल. ही अडचण निवारण्यासाठी ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७ च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी जी दातेरी चाकांची रचना योजली, तीच आजच्या डिफरन्शियलची जननी होय. ती दोन्ही चाकांना भिन्न वेगाने फिरू देते, परंतु दोहोंना बळ मात्र नेहमी सारखेच देते, आणि तिचा गुण व दोष दोन्ही या समानतेत आहेत. जुवाला मधोमध एकाच दोरखंडाने दांडीशी बांधलेली बैलजोडी घ्या: एक बैल ढिला पडला की जू त्याच्या बाजूला मागे फिरते, आणि दुसऱ्याने कितीही जोर करावयाचा म्हटला तरी त्याचा जोर गाड्यापर्यंत पोहोचतच नाही. चिखलात फिरणाऱ्या चाकाचे हेच होते. पुष्कळांची समजूत अशी असते की डिफरन्शियल सारे बळ घसरणाऱ्या चाकाला देऊन टाकते; खरे पाहता घसरणारे चाक जेवढे थोडे बळ पेलू शकते, तेवढेच दुसऱ्याही चाकाला मिळते. उजवे चाक निसरड्या शेवाळावर आणि डावे कोरड्या कातळावर असले, तरी कातळावरच्या चाकाला शेवाळाइतकेच बळ मिळते, आणि गाडी जागची हलत नाही.

यावर जे उपाय निघाले त्यांची प्रतवारी लावता येते. सर्वांत सौम्य उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. यात क्लचच्या चकत्यांचा दाब दोन्ही चाकांना काही अंशी एकत्र धरून ठेवतो, किंवा व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ साली पेटंट घेतलेल्या टॉर्सन रचनेप्रमाणे मळसूत्री गिअर पकड असलेल्या चाकाकडे काही पट अधिक बळ वळवतात. सडकेवर, पावसात आणि वाळूत हे उपकरण चांगले. पण एखादे चाक हवेत पूर्ण लोंबकळले की त्याची मात्रा चालत नाही, कारण शून्याची कितीही पट शून्यच. त्याच्या जोडीला हल्लीच्या गाड्यांत ब्रेकच्या आधारे चालणारी व्यवस्था असते: संगणक घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो, त्या चाकाचा विरोध वाढतो, आणि समानतेच्या नियमानेच दुसऱ्या चाकाला तितके बळ मिळते. युक्ती सुरेख आहे, परंतु ती चाक घसरल्यानंतर जागी होते, बळाचा काही भाग ब्रेकच्या उष्णतेत खर्ची घालते, आणि लांबलचक चढावर थकते.

दुसरा वर्ग आपोआप लागणाऱ्या लॉकरांचा. अमेरिकेतील डेट्रॉइट लॉकर हे त्याचे जुने आणि नामांकित उदाहरण. तो बळ लागताच दोन्ही चाकांना एकत्र बांधतो आणि वळणावर बाहेरच्या चाकाला तात्पुरता सोडतो. त्याला तार, नळी, बटण काही लागत नाही, मोडण्यासारखे त्यात थोडेच असते. मात्र सडकेवरच्या वळणात तो खटखट आवाज करतो, अचानक सुटतो वा लागतो, आणि ओल्या रस्त्यावर नवख्या चालकाला दचकवतो. थारच्या काही प्रकारांत मागच्या आसाला मिळणारे ईटन कंपनीचे यांत्रिक लॉक या वर्गातले असले, तरी स्वभावाने शांत आहे: दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचे अंतर पडल्यावरच ते लागते, आणि वेग वाढला की लागत नाही. म्हणून चाक घसरू लागताच घाबरून ॲक्सिलरेटर सोडण्याची सवय अशा गाडीच्या चालकाने टाकली पाहिजे. क्षणभर चाक फिरू द्यावे, म्हणजे लॉक आपले काम करते.

तिसरा वर्ग चालकाच्या हुकमाने लागणाऱ्या लॉकांचा, आणि गुणांच्या दृष्टीने तोच श्रेष्ठ आहे, कारण तो सडकेवर साध्या डिफरन्शियलसारखा वागतो आणि गरज पडेल तेव्हाच दोन्ही चाकांना एकजीव करतो. गुरखा ही मूळ बांधणीतच पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना चालकाने लावावयाची अशी लॉके घेऊन येते. बाहेरून बसवावयाच्या लॉकांत मेलबर्नच्या एआरबी कंपनीचे हवेच्या दाबावर चालणारे एअर लॉकर आणि ईटनचे विजेवर चालणारे ई-लॉकर प्रसिद्ध आहेत. हवेच्या लॉकाला लहान कॉम्प्रेसर आणि नळ्या लागतात, पण तोच कॉम्प्रेसर टायरांत हवा भरण्याच्याही कामी येतो; विजेच्या लॉकाला केवळ तार लागते, पण ती चिखल, पाणी आणि दगड यांपासून नीट सांभाळावी लागते.

लॉक लागले की दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात आणि बळ पकड असलेल्या चाकाकडे जाते. परंतु याचाच अर्थ असा की एकाच हाफ-शाफ्टवर, म्हणजे गोळ्यापासून एका चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यावर, आसाचे संपूर्ण बळ येऊ शकते. साध्या डिफरन्शियलमध्ये तो शाफ्ट निम्म्याहून अधिक भार कधी सोशीत नव्हता. म्हणून मोठे टायर, चढे प्रमाण आणि लॉक ही तिन्ही एकाच गाडीत आली की शाफ्ट आणि पुढच्या चाकांचे सांधे बळकट केल्यावाचून गत्यंतर नाही. पुढचे लॉक लावल्यावर स्टिअरिंग जड होते आणि गाडी सरळच जाऊ पाहते, म्हणून ते वळणावर सोडून द्यावे. आडव्या उतारावर, विशेषतः ओल्या गवतावर, मागचे लॉक तर धोक्याचे ठरते: साध्या आसात एक चाक घसरले तरी दुसरे गाडीला धरून ठेवते, पण लॉक लागलेल्या आसात दोन्ही चाके एकदमच घसरतात आणि गाडीचे बूड दरीच्या बाजूला सरकू लागते. कोरड्या डांबरी रस्त्यावर लॉक लावून वळणे हा तर यंत्रावरचा उघड अत्याचार आहे.

मग सामान्य मालकाने काय करावे? माझ्या मते प्रश्नांचा क्रम कधीही उलटू नये. प्रथम वाट ठरवावी: आपण वस्तुतः वर्षभर कोठे जातो, याचा प्रामाणिक दाखला स्वतःलाच द्यावा. वाटेवरून टायर ठरवावा, टायरवरून आसाचे प्रमाण, प्रमाणावरून शाफ्टांचे बळ, आणि सर्वांत शेवटी लॉक. ज्याला कोकणातले लाल मातीचे रस्ते, शेतावरच्या वाटा आणि क्वचित एखादा ओढा एवढेच ओलांडावयाचे आहे, त्याने मूळच्या टायरांतली हवा कमी करून पाहावी; त्यात पैसा खर्ची पडत नाही आणि पकड इतकी वाढते की पुष्कळदा लॉकाची आठवणही होत नाही. काळ्या मातीत टायरच्या खाचा एकदा भरून गेल्या की लॉकही फारसे तारत नाही, तेथे खाचांची ठेवण आणि चालकाचा धीर कामी येतो. जेथे चाके हवेत लोंबकळतात अशा खडकाळ, खाचखळग्यांच्या वाटांना मात्र लॉकाला पर्याय नाही. एकच आस लॉक करण्याची ऐपत असेल तर बहुतेकांनी मागचा निवडावा, कारण चढावर भार मागे जातो, मागचा आस बहुधा अधिक दणकट असतो, आणि स्टिअरिंगही मोकळे राहते. गिअर आणि लॉक दोन्ही हवे असतील तर ते एकाच वेळी बसवावेत. दोन्हींसाठी तोच गोळा उघडावा लागतो, तेच क्राऊन काढावे लागते, आणि मजुरी दोनदा देण्यात शहाणपण नाही. मात्र खरेदीपूर्वी हे पाहून घ्यावे की निवडलेले लॉक त्या प्रमाणाच्या क्राऊनला चालते, कारण काही आसांत ठराविक प्रमाणापुढे क्राऊन धरणारा कॅरिअरच बदलावा लागतो.

बसवणाराही पारखून घेतला पाहिजे. क्राऊन आणि पिनियन ही जोडीने घासून तयार केलेली असतात, त्यांची ताटातूट करू नये. पिनियनची खोली, बेअरिंगांवरचा दाब आणि दातांमधली मोकळीक शिमांनी, म्हणजे पातळ चकत्यांनी, जुळवावी लागते. ही मोकळीक बहुतेक आसांत मिलिमीटरच्या पंधरा ते पंचवीस शतांश भागांच्या दरम्यान असते, आणि ती डायल गेजवाचून अंदाजाने साधत नाही. दातांना रंग लावून, चक्र फिरवून, रंगाचा ठसा दाताच्या मध्यावर पडतो की टोकाला, हे जो कारागीर दाखवून देतो त्याच्या हाती काम सोपवावे. नवे गिअर पहिल्या काही शेकडो किलोमीटरांत तापतात. तेवढ्या काळात ओझे ओढू नये, दूरच्या प्रवासात मध्ये थांबून त्यांना निवू द्यावे, आणि मग तेल बदलावे. नदी ओलांडणाऱ्यांनी आसाच्या श्वासनळीची लांबी वाढवून तिचे तोंड उंचावर न्यावे, नाहीतर तापलेला गोळा थंड पाण्यात शिरताच पाणी आत ओढतो, तेल पांढुरके होते आणि बेअरिंगे गंजतात.

कायद्याचीही दखल घेणे प्राप्त आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-दाखल्यातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. म्हणून टायरचा आकार किंवा अन्य काही बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारपूस करून लेखी खुलासा घ्यावा.

अवघड वाटेवर गाडी नेणे हा चांगला छंद आहे. तो माणसाला यंत्राचा, मातीचा आणि स्वतःच्या संयमाचा परिचय करून देतो. मात्र ज्याला आपल्या गाडीच्या आसाचे प्रमाण ठाऊक नाही, त्याने लॉकाची किंमत विचारू नये. वाचकांना एवढीच विनंती आहे की कोणताही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी कागद घ्यावा, टायरचा व्यास, आसाचे प्रमाण आणि महामार्गावरचे इंजिनाचे फेरे हे तीन आकडे त्यावर मांडावेत, आणि ते जुळल्यावाचून गॅरेजचे दार ठोठावू नये.